मलावीच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

निवृत्तीनंतर मी नर्स म्हणून आफ्रिकेतल्या मलावी देशात काम करून आले. त्या दिवसांवरच्या माझ्या लेखाखाली 'एक सांगलीकर' या नावानं एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगते. माझ्या विमानाच्या तिकिटात तिथल्या एखाद्या नर्सचे काही महिन्यांचे पगार निघाले असते. आपल्याच जिल्ह्यातल्या जतला अजून पाण्याचा टँकर लागतो, तो मला दिसला नाही. लेखात माझेच फोटो फार आहेत. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: "निवृत्तीनंतर परदेश बघायची हौस भागवलीत, त्याला सेवेचं नाव कशाला देता? महापुरात कुठं होता?"

मला राग आला, आणि तो मी लपवत नाही. वेगळं मत असण्याचा राग नाही. ज्या बाईला तुम्ही कधी भेटला नाहीत, तिच्या मनात काय होतं हे एका ओळीत ठरवून मोकळे झालात, तेही टोपणनावाआडून. इथं माझं नाव आहे, गाव आहे. सांगलीत कुणाच्या ओट्यावर समोरासमोर बसून तुम्ही हे बोलला असता का? टीका करायची एक रीत असते. आमच्या वॉर्डात नवीन आलेल्या पोरीची चूक काढतानाही आम्ही आधी तिचं ऐकून घ्यायचो.

फोटोंचं मान्य आहे. कमी चालले असते, दोन काढून टाकते. तिकिटाचा हिशेबही चुकीचा नाही, पण तो पैसा माझ्या हातात नव्हता, त्यामुळं त्यावर वाद घालत बसत नाही. जतच्या पाण्याला म्हैसाळ योजना आहे आणि त्यातली जाणकार माणसं आहेत. मी नर्स आहे, कालव्याचं मला काय विचारता?

आता महापुराचं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलेलं होतं आणि मी मिरजेत एका शाळेतल्या निवारा केंद्रात होते. म्हातारी माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली, बीपीच्या गोळ्या घरातच बुडालेल्या. "बारकी पांढरी गोळी, सकाळी एक" एवढंच सांगायची. तेवढ्यावरून आम्ही औषध शोधायचो, पुन्हा पुन्हा बीपी बघायचो. पाणी ओसरल्यावर आमच्या घरातला गाळ बाहेरगावच्या पोरांनी उपसला. तुमच्या गावातली कामं संपली का, असं त्यांना एकाही सांगलीकरानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

आणि हौस म्हणता. दक्षिण मलावीतल्या एका जिल्हा रुग्णालयात मी नवजात बाळांच्या खोलीत काम केलं. लाइट गेली की ऑक्सिजनचं मशीन बंद. दुसरं मशीन होतं, चांगलं, कुणा दात्यानं दिलेलं, पण कपाटात कुलूपबंद, आणि किल्ली ज्याच्याकडे तो भत्ता मिळणाऱ्या कार्यशाळेला गेलेला. कुलपासमोर उभं राहून मी मराठीत शिव्या घातल्या आहेत. ज्या संस्थेमार्फत गेले तिच्याकडून राहण्याखाण्याचे पैसे वेळेवर यायचे नाहीत आणि ऑफिसात फोन केला तर कुणी उचलायचं नाही. सुरुवातीला बाजारातल्या बायकांना वाटायचं, ही भारतातली बाई म्हणजे हिचं कुठंतरी दुकान असणार, आणि त्या मलाच साखरेचा भाव विचारायच्या. रात्री खोलीवर एकटीनं मक्याच्या पिठाची भाकरी थापायची. ती थापता थापता तुटायची, आणि त्या तुटलेल्या भाकरीवरून रडू यायचं. हौसेनं फिरणारा माणूस अशा वेळी तिकीट बदलून घरी येतो.

मी का राहिले, तेही सांगते. जेमतेम तेराशे ग्रॅमचं बाळ होतं, हातपाय गार. आईच्या उघड्या छातीवर बाळ बांधून ऊब द्यायची, हे मी मिरजेत वर्षानुवर्षं शिकवलं होतं. मी बांधलं, पण बाळ खाली सरकायला लागलं. तिथल्या एका सिस्टरनं काही न बोलता माझा हात बाजूला केला. चितेंजे म्हणजे तिथल्या बायका नेसतात ते रंगीत सुती कापड. ते तिनं बाळाच्या कानापाशी घेतलं, आईच्या काखेखालून ओढलं, पीळ देऊन वरची कड आत खोचली. कुठंही गाठ नाही. आई उठून चालायला लागली तरी बाळ हललं नाही. मी शिकवायला गेले होते आणि त्या दिवशी मीच शिकले. दुपारपर्यंत त्या बाळाचे पाय कोमट झाले. असा आनंद मला नोकरीच्या शेवटच्या वर्षांत फारसा मिळाला नव्हता, हे मी स्पष्ट लिहिते. आनंद मिळाला म्हणजे ती सेवा नाही, हा नियम कुणी केला?

मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळ आलं तेव्हाही मी तिथंच होते. दक्षिण मलावीत हजाराहून जास्त माणसं दगावली किंवा बेपत्ता झाली. कॉलऱ्याची साथ आधीपासून चालूच होती. शाळेच्या वर्गात चटयांवर माणसं, खिडकीत वाळत घातलेले कपडे, क्षारसंजीवनीची पाकिटं. मला ते नवीन नव्हतं. महापुरानं शिकवलेलं तिथं कामाला आलं.

घरचं आधी, म्हणता. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. तेव्हा सोलापुरात आजारी माणूस नव्हता का? आणि लांब कशाला, आपली मिरज घ्या. कॅनडात जन्मलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं. वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. ते धर्मप्रसारासाठी आले होते, हे मला ठाऊक आहे, ते सांगायला पुन्हा लिहू नका. माझ्या आजीचा मोतीबिंदू त्याच मिशनमध्ये काढला. तिला दिसायला लागलं, एवढंच तिनं बघितलं. ज्या गावाचं नाव डॉक्टरकीसाठी झालं ते बाहेरून आलेल्या माणसामुळं, आणि त्याच गावची बाई बाहेर गेली तर तुम्हाला खुपतं. हे मला पटत नाही आणि पटणार नाही.

शिवाय मलावी तुमच्या घरापासून वाटतं तितकं लांब नाही. २०२१ साली भारतानं मलावीतून दरवर्षी ५० हजार टन तूर घेण्याचा करार केला. तिथल्या बायांनी पिकवलेली डाळ कदाचित तुमच्या आमटीतही असेल.

ही प्रतिक्रिया मी काढणार नाही, लेखाखाली राहील. त्या सिस्टरला मी तिकिटाच्या हिशेबाबद्दल विचारलं आहे. तिचं उत्तर आलं की, ते तुमच्या बाजूचं असलं तरी, जसंच्या तसं इथं देईन. तुमची पुढची प्रतिक्रिया मात्र स्वतःच्या नावानं आली तरच छापेन.