खुलासा : आधार नसलं तरी शाळेत नाव घालता येतं
‘फुटपाथवर, पुलाखाली राहणाऱ्यांच्या मुलांना आधार आणि पत्त्याच्या पुराव्याशिवाय पालिकेच्या शाळेत घेत नाहीत,’ असा मेसेज फिरतोय. कायदा तसं म्हणत नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४). वर्षाच्या मध्ये आलं तरी घ्यायचंच. आधीच्या शाळेचा दाखला मागाहून आला तरी चालतो. शाळेतल्या प्रवेशासाठी आधार सक्तीचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितलंय.

गोंधळ बहुधा खासगी शाळांत याच कायद्याने दुर्बल आणि वंचित गटांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांच्या सोडतीमुळे झाला असावा. तिथे रहिवासी पुरावा लागतो, हे खरं. पण पालिकेच्या शाळेची वाट वेगळी आहे. तिथे कुणी परत पाठवलं, तर नकार लेखी मागा.