खुलासा: ड्राय डॉक म्हणजे जहाज बिघडलं असं नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘क्रूझचं जहाज ड्राय डॉकला चाललंय, म्हणजे धोक्याचं, दिवाळीचं बुकिंग रद्द करा.’ हे खरं नाही. ड्राय डॉक म्हणजे पाणी काढून टाकलेली कोरडी गोदी; तिथं जहाजाचा तळ तपासतात. सोलास या समुद्रावरच्या जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रवासी जहाजाची दरवर्षी तपासणी होते, आणि साधारणपणे 5 वर्षांत किमान दोनदा ते गोदीत कोरडं करून तळ बघावा लागतो. ही ठरलेली देखभाल आहे.

जपायचं ते वेगळंच. काम लांबलं तर गोदीनंतरची पहिली फेरी पुढे जाऊ शकते किंवा रद्द होऊ शकते. मुलाबाळांना घेऊन मोजक्या रजेत निघणाऱ्यांनी दुसरी-तिसरी फेरी धरावी. फेरी पुढे गेली तर मुंबईपर्यंतची रेल्वेची तिकिटंही अडकतातच की! पण मेसेज वाचून घाईनं क्रूझचं बुकिंग रद्द केलंत तर कॅन्सलेशनचा भुर्दंड तुम्हालाच. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.