आगोट आणि अकरावी सायन्स

दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये संपला आणि दुसऱ्याच आठवड्यात बाबांनी अकरावी सायन्सची जाडजूड पुस्तके आणून ओटीवर ठेवली. दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला येत असल्यामुळे आमच्या राजापूर तालुक्यात दहावी पास होणे ही काही बातमी नसते. खरी कसोटी अकरावीत लागते, असे काका मला रोज सांगत. ते स्वतः अकरावीची सहामाही होताच सायन्स सोडून आंब्याच्या धंद्यात शिरले होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते.

माझे शिक्षण मराठी माध्यमातले, म्हणून सुट्टीचा पहिला पंधरवडा ओळखीच्या माणसांची नवी नावे पाठ करण्यात गेला. संवेगाचा मोमेन्टम झाला, त्वरणाचे अ‍ॅक्सिलरेशन झाले आणि दहावीपर्यंत सुखाने नांदलेल्या तंतुकणिकेला मायटोकॉन्ड्रिया म्हणायची वेळ आली. हा जप मी पहाटे मोठ्याने करीत असे. तो दोन दिवस ऐकून आजीने आईला हळूच विचारले, "पोराला काही बाधलंय का गं?" जडत्व म्हणजे इनर्शिया, हे मात्र एका दुपारीच कळले, कारण आमरसाचे जेवण करून ओटीवर आडवा झालेला मी बाह्य बल लागेपर्यंत त्याच अवस्थेत होतो. ते बल आईने लावले.

भौतिकशास्त्रातले प्रक्षेप्य गतीचे प्रकरण मला फार जवळचे वाटले. पंचेचाळीस अंशांत फेकलेला दगड सर्वांत लांब जातो आणि तीस व साठ अंशांत फेकलेले दोन दगड सारख्याच अंतरावर पडतात, हे मी परसातल्या रायवळ आंब्यावर पडताळून पाहिले. दगड आंब्याऐवजी न्हाणीघराच्या कौलांवर पडला. पुस्तकातल्या सूत्रात हवेचा विरोध शून्य धरलेला असतो, हे मी वाचले होते; आजीचा विरोधही शून्यच धरलेला असतो, हे त्या दिवशी समजले.

रसायनशास्त्रात मोल आला. बारा नगांचा जसा डझन, तसा ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात एवढ्या कणांचा एक मोल, असे मी काकांना पेट्या भरताना समजावून सांगितले. एक मोल आंबे म्हणजे किती, याचा अंदाज घेत ते क्षणभर थांबले आणि गंभीरपणे म्हणाले, "एवढा माल वाशीला उतरला, तर दर साफ कोसळेल रे बाबू."

मे लागला आणि आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीची, कामे अंगावर आली. आंबापोळीची ताटे उन्हात ठेवायची, आमसुले उलटायची, फणसाच्या आठळ्या वेचायच्या, लाकडे खोपीत रचायची, अशा कामांसाठी घरात रिकामा माणूस शोधला जाई, आणि पुस्तक उघडून बसलेला मुलगा आजीच्या हिशेबी रिकामाच होता. अढीतले आंबे इथिलीन वायूने पिकतात, असे सांगून मी अभ्यासाचे महत्त्व पटवू पाहिले. आजीने ते शांतपणे ऐकून घेतले आणि अढी परतायचे कामही मलाच दिले. त्रिकोणमितीला मी पाने वाळवताना जेमतेम स्पर्श केला, कारण पुस्तक अंगणात उघडे राहून वळवाच्या सरीत भिजले होते.

मृगाच्या तोंडावर मुंबईहून आतेभावाचा फोन आला. त्याच्या क्लासमध्ये भौतिकशास्त्राची सात प्रकरणे झाली होती. "तुझं काय काय झालं?" असे त्याने विचारताच मी प्रामाणिकपणे सांगितले, "आगोट पूर्ण झाली."

तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग चाचरत म्हणाला, "हे कितव्या प्रकरणात आहे रे?"