नवा पीसी ‘सेट व्हायला’ महिना लागत नाही, आणि बायोस अपडेट टाळायचं नसतं

माझ्या धाकट्या भावाने पगारातून पैसे साठवून गेमिंग पीसी जोडून घेतला. गेम सुरू केला की थोड्या वेळात डेस्कटॉपवर येऊन पडतो, नाहीतर चित्र तिथेच गोठतं. तो वैतागलेला असतानाच काकांनी घरच्या ग्रुपवर नव्या पीसीच्या क्रॅशवर सात उपाय सांगणारा एक मेसेज टाकला. वर ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ हा शिक्का. भावाने तो वाचून मला फोन केला, “ताई, मग महिनाभर थांबू का?”

नको. एक दिवसही थांबू नकोस.

मेसेजमधले सात मुद्दे असे. नवं मशीन सेट व्हायला महिना लागतो, तोवर हलकी कामं करा आणि ते रात्रंदिवस चालू ठेवा. बायोस (मदरबोर्डवरचं, पीसी सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) कधीच अपडेट करू नका, बोर्ड मरतो आणि वॉरंटी जाते. व्हिडिओ मेमरीची एरर आली की ग्राफिक्स कार्ड बदला. एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं बायोसमधलं तयार सेटिंग) कायमचं बंद ठेवा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) गेला समजा. काहीच जमलं नाही तर विंडोज फॉरमॅट करा. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका.

सगळ्यात जास्त नुकसान बायोसच्या मुद्द्याने होतं, म्हणून आधी तोच घेते. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचं प्रकरण आठवा. लोकांचे गेम क्रॅश होत होते, आणि कारण बरेच महिने कुणाला नीट सापडत नव्हतं. जुलै २०२४ मध्ये इंटेलने स्वतः जाहीर केलं की मायक्रोकोडमधल्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमधल्या) चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतोय. पुढे सप्टेंबरमध्ये त्यांनी सविस्तर खुलासा केला: वाढीव व्होल्टेज आणि तापमानामुळे कोअरमधलं क्लॉकचं सर्किट झिजतं, आणि मग प्रोसेसर अस्थिर होतो. जबाबदार परिस्थिती त्यांनी चार सांगितल्या. काही बोर्डांवरची इंटेलच्या मर्यादेबाहेरची पॉवर सेटिंग्ज ही त्यातली एक. उरलेल्या तिन्हींवरचे उपाय मायक्रोकोडच्या नव्या आवृत्त्यांमध्ये होते: ०एक्स१२५, मग १.५५ व्होल्टच्या वरच्या मागणीला लगाम घालणारा ०एक्स१२९, मग ०एक्स१२बी.

हे मायक्रोकोड बोर्डापर्यंत पोचतात ते मदरबोर्ड कंपनीच्या बायोस अपडेटमधून. म्हणजे ज्याने हा मेसेज मानून बायोसला हात लावला नाही, त्याचा या पिढीचा प्रोसेसर रोज थोडा थोडा झिजत राहण्याचा धोका होता. आणि ही झीज भरून येत नाही. अपडेट पुढचं नुकसान थांबवतं, झालेलं नाही. तिथे प्रोसेसर बदलूनच घ्यावा लागतो. म्हणूनच इंटेलने या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, बॉक्समध्ये मिळणाऱ्यांची एकूण पाच वर्षं झाली. या पिढ्यांचे प्रोसेसर बाजारात अजून मिळतात, आणि दुकानात पडून राहिलेल्या बोर्डावर जुनाच बायोस असू शकतो. ‘नवीन आहे म्हणजे अपडेटेड असणार’ हे गृहीत धरू नका.

फक्त इंटेलचंच असं आहे असंही नाही. २०२३ मध्ये एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले काही एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले. तेव्हा एएमडीने एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणारं) १.३ व्होल्टपर्यंत मर्यादित केलं, तेही बायोसमधूनच.

आता जेवढं खरं आहे तेवढं मान्य करते. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर बोर्ड खरंच बंद पडू शकतो, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. पण त्यावर उपाय यूपीएस आहे, अपडेट टाळणं नव्हे. बऱ्याच बोर्डांना आता फ्लॅशबॅकचं बटण असतं, फसलेला बायोस पेनड्राइव्हवरून पुन्हा भरता येतो. बीटा आवृत्ती सोडा, पक्की घ्या. विंडोज ११ मध्ये बिटलॉकर (डिस्कवरच्या माहितीला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, अपडेटनंतर ती मागितली जाऊ शकते. आणि डीडीआर५ रॅम असेल तर अपडेटनंतर पहिल्यांदा सुरू होताना मेमरी ट्रेनिंग चालतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. घाबरून प्लग ओढतात ते इथेच. थांबा. वॉरंटी जाण्याचं म्हणाल तर कंपनी स्वतः आपल्या सपोर्ट पेजवर ही फाइल ठेवते आणि कशी टाकायची तेही सांगते. ती टाकल्याने वॉरंटी जाईल कशी?

महिनाभर थांबण्याचा सल्ला याच कारणाने मला इतका खटकतो. चिप ही नव्या चपलेसारखी वापरून सैल होणारी वस्तू नाही. चांगला पीसी पहिल्या दिवसापासून स्थिर चालतो, चालत नसेल तर काहीतरी बिघडलेलं किंवा चुकीचं बसलेलं आहे. बरं, सल्ला काय, तर मशीन रात्रंदिवस चालू ठेवून हलकी कामं करा! वर सांगितलेला ०एक्स१२बी आणला गेला तोच मुळी रिकाम्या किंवा हलक्या कामाच्या वेळी वाढणाऱ्या व्होल्टेजसाठी. मे २०२५ मध्ये आलेला ०एक्स१२एफ तर सलग कित्येक दिवस हलक्या कामावर चालू राहणाऱ्या मशीनसाठीच होता. मेसेज नेमकं तेच करायला सांगतो. शिवाय त्या महिन्यात दुकानातून वस्तू सरळ बदलून मिळण्याची मुदत निघून जाते. मग उरते सर्व्हिस सेंटरची वारी.

व्हिडिओ मेमरीच्या एररवरून ग्राफिक्स कार्ड बदलणं हाही महागडा गैरसमज. अनरिअल इंजिनवर (गेम बनवायच्या एका सॉफ्टवेअरवर) बनलेल्या गेममध्ये शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, उलगडताना प्रोसेसरने चूक केली, तरी स्क्रीनवर व्हिडिओ मेमरी संपल्याचा संदेश येत होता. एप्रिल २०२४ मध्ये ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाला आपल्या ग्राहकांना सांगावं लागलं की १३वी-१४वी पिढी असेल तर आधी इंटेलकडे चौकशी करा. पीसीमधली सगळ्यात महागडी वस्तू एका ओळीच्या संदेशावरून बदलायला सांगणाऱ्याने आधी स्वतःचे पैसे पुढे करावेत.

एक्सएमपीचा मुद्दा अर्धा खरा आहे. एक्सएमपी काय किंवा एएमडीसाठीचं तसंच एक्सपो काय, ते ओव्हरक्लॉकिंगच आहे, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं. रायझन ७००० रॅमच्या दोन पट्ट्यांवर अधिकृतपणे ५२०० च्या वेगापर्यंत आणि चार पट्ट्यांवर फक्त ३६०० पर्यंत जातो, बाकी सगळं नशिबाचं. तेव्हा ते बंद करून गेम चालवून पाहा. क्रॅश थांबले तर संशय मेमरीवर किंवा तिच्या वेगावर. पण ही तपासणी झाली, ‘कायमचं बंद’ कशाला? पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत का बघा. भावाच्या पीसीत जोडणाऱ्याने पहिल्या आणि तिसऱ्यात बसवल्या होत्या. जागा बदलल्यावर तो नीट चालायला लागला. तरीही जमलं नाही तर वेग एक पायरी खाली आणा आणि मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. त्यात एकही एरर चालत नाही.

कर्नल-पॉवर ४१ चा अर्थ एवढाच, की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. कारण त्यात नसतं. वीज गेली तरी ते उमटतं. त्याच नोंदीत बगचेक कोड शून्य नसेल तर ब्लूस्क्रीन (विंडोज कोसळल्याची निळी स्क्रीन) झाली होती, मग क्रॅशचा तपशील साठवणारं मिनिडंप फोल्डर उघडा. डब्ल्यूएचईए-लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी दिसल्या तर हार्डवेअरकडे वळा. फॉरमॅट सगळ्यात शेवटी, कारण त्याने दुकानदाराला दाखवायचा हाच पुरावा पुसला जातो.

आणि अर्थिंगची पिन. हे वाचून मला खरोखर भीती वाटली, कारण घरोघरी लोक हे करतात. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर २३० च्या साधारण निम्मे व्होल्ट तरंगत राहतात, करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. म्हणजे झिणझिण्या अर्थिंगमुळे येत नाहीत, ते नसल्यामुळे येतात. पिन काढली आणि उद्या आतलं इन्सुलेशन फाटलं तर फेज थेट कॅबिनेटवर येईल, तेव्हा झिणझिण्यांवर भागणार नाही. वायरमनला बोलावून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या, आणि पिन काढलेला प्लग घरात कुठेही असेल तर तो आजच बदला.