टाळ्या चुकीच्या जागी वाजल्या

काल रात्री भाचा आणि त्याचे तीन मित्र घरी होते. कुठला सिनेमा लावायचा यावरून नेहमीची ओढाताण झाली आणि शेवटी मी हट्टाने 'प्लेन्स, ट्रेन्स अँड ऑटोमोबाइल्स' लावला. जॉन ह्यूजचा, १९८७चा. वेळेत घर गाठायला निघालेला एक टापटिपीचा माणूस आणि त्याच्या गळ्यात पडलेला एक बडबड्या सेल्समन. बर्फामुळे विमान भलत्याच गावी उतरतं आणि काही तासांचा प्रवास काही दिवसांचा होतो.

पोरं हसली, पोट धरून हसली. मग मोटेलमधला तो प्रसंग आला. स्टीव्ह मार्टिनचा नील दिवसभराचं साठलेलं सगळं बाहेर काढतो आणि जॉन कँडीच्या डेलला तोडून बोलतो. तुझ्या गोष्टींना शेंडा ना बुडखा, तुझं बोलणं ऐकणं म्हणजे शिक्षा, असं बरंच काही. आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. "बोलला एकदाचा!"

मी गप्प राहिले, कारण पुढे डेलचं उत्तर येणार होतं. ते आलं तेव्हा चौघांपैकी तिघांची डोकी फोनमध्ये होती.

रात्रभर हे डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितेय.

त्या उत्तरात डेल आवाज चढवत नाही. मी सोपं गिऱ्हाईक आहे, घाल घाव, असं म्हणतो. आणि मग म्हणतो की मला मी आवडतो, माझ्या बायकोलाही मी आवडतो. कॅमेरा कँडीच्या चेहऱ्यावर थांबतो आणि आत्तापर्यंत आपण ज्याला हसत होतो त्याच्याकडे आपल्याला पहिल्यांदा बघावं लागतं. सिनेमा तिथे सुरू होतो. त्याआधी नुसती धमाल आहे. टाळ्या वाजवून उठलेल्या माणसाने हा सिनेमा पाहिलेलाच नाही.

मला हे इतकं लागलं त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी सासऱ्यांना घेऊन मी दोन दिवस गाडी चालवली होती. गाडीत आम्ही दोघंच. बाबांना रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायची सवय. पुढे वळण आहे. वेग कमी करा. अमुक गाव बारा किलोमीटर. मग अमुक गाव दहा किलोमीटर. मी गाणी मोठी केली, तर ते गाण्यांवरून वाचायला लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी माझा तोल गेला. "बाबा, मलाही वाचता येतं."

ते गप्प झाले. अगदी नीलसारखीच बोलले होते मी, आणि त्या क्षणी मलाही वाटलं होतं, बोलले एकदाची.

नको असलेल्या सोबत्याबरोबर प्रवास करावा लागणं, या जातीच्या सिनेमांचा पाया एकच असतो: उतरता येत नाही. पटकथा लिहिणाऱ्याला आधी सगळी दारं लावून घ्यावी लागतात. १९३४च्या 'इट हॅपन्ड वन नाइट'मध्ये बापाच्या तावडीतून पळालेली श्रीमंत मुलगी आणि नोकरी गेलेला बातमीदार एका बसमध्ये अडकतात, खिशात पैसे नाहीत, रात्री एकाच खोलीत मधे दोरीवर ब्लँकेट टांगून झोपतात. १९८८च्या 'मिडनाइट रन'मध्ये तर हातात बेड्याच. फरार आरोपी पकडून देणाऱ्याला तो आरोपी पोचवल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत, आणि पकडलेला हिशोबनीस वाटभर त्याला सिगारेट सोड, पैसे नीट गुंतव असं सांगून भंडावतो. दारं बंद असतात म्हणून माणसं एकमेकांसमोर उघडी पडतात. दुसरी युक्ती नाही.

आणि आत्ता येणारे सिनेमे? राग येतो मला. त्रासदायक सोबती म्हणजे निव्वळ मूर्ख. तो सांडतो, पडतो, चुकीचा रस्ता धरतो, आपण हसायचं. शेवटच्या दहा मिनिटांत त्याचं एखादं दुःख चिकटवायचं, मिठी, संपलं. त्याला स्वतःचं मत नाही, अभिमान नाही. नीलला सुनावू शकेल असा डेल लिहायला हिंमत लागते, कारण मग प्रेक्षकालाही दोन शब्द ऐकावे लागतात. आणि प्रेक्षक तरी कसला? जरा खटकलं की ब्लॉक, ग्रुपमधून बाहेर. भाचा मला काल म्हणाला, "मावशी, असल्या टॉक्सिक माणसाला पहिल्याच स्टॉपला उतरवायचं ना!" टॉक्सिक! ज्या माणसाने स्वतःच्या टॅक्सीत, स्वतःच्या खोलीत नीलला जागा करून दिली, तो टॉक्सिक.

असो. काही सोबती खरंच उतरवण्याच्याच लायकीचे असतात, हे मान्य. आणि ह्यूजचा शेवट जरा जास्तच गोड आहे, हेही मान्य.

पण मी त्या गप्प झालेल्या गाडीबद्दल सांगत होते. साठेक किलोमीटर बाबा एक शब्द बोलले नाहीत. खिडकीबाहेर बघत होते. पाट्या येत होत्या, जात होत्या, आणि मला प्रत्येक पाटी दिसत होती. त्याआधी एकही दिसली नव्हती! मला हवी होती ती शांतता मिळाली होती आणि ती सोसवत नव्हती. माफी मागायला जीभ रेटेना.

मग एका पुलाआधी पाटी आली आणि मी ती मोठ्याने वाचली. पुढे पूल अरुंद आहे.

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रू दीर्घ काढलाय त्यांनी. ऱ्हस्व हवा."

बस. पुढच्या पाटीपासून ते परत सुरू झाले. आम्ही त्यावर आजतागायत बोललेलो नाही.

म्हणून मला 'पिकू' इतका आवडतो. शूजित सरकारचा, २०१५चा. दिल्लीहून कोलकात्याला निघालेला हट्टी म्हातारा, त्याची चिडकी मुलगी, आणि नाइलाजाने गाडी चालवायला बसलेला इरफान. तिथे कुणी सुधारत नाही. म्हातारा शेवटपर्यंत तसाच. पण इरफान मधेच गाडी थांबवून त्या बापालाही सुनावतो आणि मुलीलाही, आणि तरीही पुन्हा स्टिअरिंगवर बसतो. पुन्हा बसणं, हेच मला या सिनेमांत बघायचं असतं. मिठ्या नाही दिल्या तरी चालेल.

पोरांवर रात्री चिडले, ते जरा जास्तच झालं बहुतेक. एकोणिसाव्या वर्षी मीही टाळ्याच वाजवल्या असत्या. त्यांच्या आयुष्यात अजून कुणी साठ किलोमीटर गप्प बसलेलं नाही.

चौघं आज संध्याकाळी परत यायला तयार झालेत. मोटेलच्या प्रसंगापासून पुढे लावणार आहे, फोन दुसऱ्या खोलीत. बाबाही बसणार आहेत. ते सबटायटल्स मोठ्याने वाचतील, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. पोरांना आधीच सांगून ठेवलंय, त्यांना कुणी थांबवायचं नाही.