भार भिंतीवर नसतो, खांबांवर असतो

एका लेखात वाचलं की जुन्या वाड्याची भिंत फुगली म्हणजे वाडा संपला, कारण सगळा भार भिंतीवरच. हे पटलं नाही. आमच्याकडच्या वाड्यांत भार सागवानी खांब आणि तुळयांवर असतो. भिंत फक्त मधली जागा भरते.

आमचं घर पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा सोप्याची, म्हणजे ओसरीची, दगडमातीची भिंत बाहेरच्या बाजूला पडली. पण कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत, जागेवर राहिला. आजी सांगायची, भिंत नाही आणि माळा मात्र तसाच वर! खांबाच्या माथ्यावरचा कुसू (कोरून काढलेलं लाकडी टोक) तुळईच्या खाचेत बसवलेला, त्यामुळे सांधा थोडा हलतो, करकरतो, पण सुटत नाही. अर्थात सगळीच घरं अशी वाचली नाहीत. नुसत्या दगडमातीच्या भिंतींवर छप्पर टेकवलेली घरं आमच्याच गावात बसली.

खरा शत्रू ओल. खांब दगडी तळखड्यावर (खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर) उभा करतात तो त्यासाठीच. दहा वर्षांपूर्वी एका गवंड्याच्या सल्ल्याने आम्ही मागच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. ओल आतच कोंडली. परवा गिलावा फोडला तर भिंतीतल्या खांबाचा बुंधा बोटाने दाबला तरी भुसभुशीत लागत होता. समोरच्या सोप्यातले खांब, ज्यांना वारा लागतो, ते अजून टणक आहेत.

म्हणून कळकळीने सांगतो, वाडा पाडायचं ठरवण्याआधी जुन्या कामाचा माहीतगार सुतार बोलवा आणि खांबांचे बुंधे तपासून घ्या. कुजलेला तेवढा भाग कापून नवा जोड देता येतो, आम्ही आता तेच करतोय.