वेळापत्रक ठरवायचा हक्क द्या
सॉफ्टवेअर डेव्हलपरांच्या थकव्यावर उपाय म्हणून एका लेखात ध्यानवर्ग आणि श्वसनाचे व्यायाम सुचवलेत, ते मला अजिबात पटलं नाही. कामाचा बोजा जास्त आणि निर्णयाचा अधिकार कमी, की ताण वाढतो, हे कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. गोव्यात पर्वरीला आमच्या टीमने तेच भोगलं. चवथीच्या आदल्या रात्री मी माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, बांधत होतो, हातात सुपारीचा घोस, आणि ऑन-कॉलचा, म्हणजे कामाच्या वेळेबाहेर बिघाड निस्तरायच्या पाळीचा, फोन वाजायचा थांबेना. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीच्या ज्या रिलीजला आम्ही नको म्हटलं होतं, तोच कोसळला होता.

पुढे भांडून ऑन-कॉलच्या पाळ्या आम्हीच ठरवू लागलो, सणाच्या आठवड्यात रिलीज बंद केले. तेव्हा कुठे माणसं रात्री नीट झोपू लागली.